रांगेतली माणसे

१८५७ सालाचे नाव काढले की डोळ्यांसमोर ठरावीक चित्रे उभी राहतात. घोड्यावर बसलेली झाशीची राणी, तात्या टोपे, नानासाहेब पेशवे, दिल्लीचा तो म्हातारा बादशहा. शाळेपासून ही चित्रे पाहत आपण मोठे झालो. त्यांचा अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. पण वास्तविक पाहता त्या वणव्याची पहिली ठिणगी ज्यांनी टाकली ते राजे नव्हते आणि सेनापतीही नव्हते. महिना सात रुपये पगारावर राबणारे कंपनी सरकारचे साधे शिपाई होते ते. काडतुसाला हात लावायचे त्यांनी नाकारले, बेड्याही आधी त्यांच्याच पायांत पडल्या आणि तोफेच्या तोंडीही त्यांनाच देण्यात आले. त्यांच्यावर खटले कसे चालले? न्याय कोणी केला? त्यांना कोठे कोंडले? ज्यांच्या देखत हे सारे घडले, त्यांचे काय झाले? पाठ्यपुस्तकात या प्रश्नांना एखाद-दुसरी ओळ मिळते आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

द्वितीय वर्षाला इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी हाच विषय घेतला. सरांनी विचारले, "एवढे विषय सोडून शिपायांचे खटलेच का?" त्या वेळी मी काहीतरी मोघम उत्तर दिले. खरे कारण माझ्या घरात होते. आमच्या घरी एक माजी शिपाई राहतात, माझे धाकटे चुलते, आप्पा. त्यांच्या शिपाईपणाविषयी आमच्या घरात कोणी कधी बोलत नाही. त्याविषयी पुढे सांगेन. आधी घराविषयी थोडे सांगते.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी कामगार आहेत. सळ्यांचे भारे, पत्रे, अँगल, चॅनल यांची चढ-उतार करण्यात त्यांचे आयुष्य गेले. दिवसभर ट्रेलरांची ये-जा आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज, हे आमच्या कळंबोलीचे संगीत! घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे ग्रंथालयातून एखादे जाड पुस्तक घरी आणले की आई ते आधी देवापुढे ठेवते आणि मगच माझ्या हाती देते. या पुस्तकांमधूनच मला ते शिपाई भेटत गेले.

लष्करी न्यायालयाला आपण 'कोर्ट मार्शल' म्हणतो. माझी समजूत अशी होती की गोरे साहेब खुर्च्यांवर बसत असतील आणि काळ्या शिपायांना सजा फर्मावत असतील. पुस्तकांत निराळेच निघाले. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरला मंगल पांडे यांनी बंदूक उचलली. ६ एप्रिलला खटला चालला आणि ८ एप्रिलला फाशी झाली. या खटल्यात न्याय करायला बसलेले अधिकारी देशी होते, सुभेदार आणि जमादार. अध्यक्षस्थानी सुभेदार मेजर जवाहिरलाल तिवारी होते. कामकाजावर देखरेख गोऱ्या अधिकाऱ्याची होती, पण 'दोषी' हा शब्द आपल्याच माणसांच्या तोंडून वदवून घेतला गेला. मंगल पांडे यांना पकडण्याचा हुकूम न पाळल्याबद्दल जमादार ईश्वरी प्रसाद यांनाही २१ एप्रिलला फाशी देण्यात आले.

मीरतेला तेच घडले. २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांना कवायतीच्या मैदानावर काडतुसे देण्यात आली आणि त्यांतील ८५ जणांनी ती घेतली नाहीत. त्यांच्यावर खटला भरला. न्यायासनावर १५ देशी अधिकारी होते आणि त्यांतील १४ जणांनी त्यांना दोषी ठरवले. दहा वर्षांची सक्तमजुरी! आरोपींची आजवरची चांगली वर्तणूक ध्यानात घ्यावी, असे न्यायाधीशांनी सुचवले होते. पण सेनापतीने वयाने लहान असलेल्या ११ जणांची सजा निम्मी करण्यापलीकडे काही केले नाही.

हे वाचताना मी त्या चौदा जणांचा पुष्कळ विचार केला. त्यांना 'फितूर' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्या काळी सुभेदारी मिळायची ती वर्षानुवर्षे नोकरी केल्यावर, केस पिकल्यावर. समोर पेन्शन दिसत असे. गावाकडे त्या पेन्शनवर एक अख्खे कुटुंब डोळे लावून बसलेले असे. अशा माणसांना न्यायासनावर बसवायचे आणि त्यांच्याच पलटणीतल्या पोरांचा न्याय त्यांच्याकडून करून घ्यायचा, ही त्या पद्धतीची खरी मेख होती. सजा गोऱ्यांनी दिली असती तर तिच्यावर चिडता तरी आले असते. ती आपल्यांनीच दिली म्हटल्यावर माणूस चिडणार कोणावर?

सजेच्या दिवशीचे वर्णन तर त्याहूनही जिव्हारी लागणारे आहे. ९ मे १८५७ची ती सकाळ. मीरतेच्या मैदानावर सगळ्या पलटणी रांगा करून उभ्या. गोऱ्या सैनिकांच्या बंदुका आणि तोफा भरून तयार. त्या सर्वांच्या डोळ्यांदेखत ८५ जणांचे गणवेश उतरवले, पायांतले बूट काढून घेतले आणि लोहार एकेकाच्या पायांत बेड्या ठोकू लागले. हे काम तास-दोन तास चालले. लोखंडावर हातोडा पडल्याचा आवाज मला नवा नाही, घरबसल्या मी तो रोज ऐकते. पण त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या शिपायांच्या कानांत तो कसा शिरला असेल! कैदी आपल्या सोबत्यांना हाका मारीत होते. रांग हलली नाही. कोणी एक पाऊल पुढे टाकले असते तर तोफा होत्याच.

दुसऱ्या दिवशी, १० मेच्या संध्याकाळी, तीच रांग तुरुंगावर चालून गेली. त्यांनी आपल्या सोबत्यांच्या बेड्या तोडल्या आणि रातोरात दिल्लीचा रस्ता धरला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातून एवढे उमगले की सजेचा खरा प्रेक्षक कैदी नसतोच. बेड्या एकाच्या पायांत पडतात, पण त्या दाखवायच्या असतात समोरच्या रांगेला. मीरतेच्या रांगेने एक रात्र सहन केले आणि मग ती मोडली. पण हिंदुस्थानात अशा अनेक रांगा उभ्या राहिल्या, ज्या मोडल्या नाहीत. त्यांतील दोन तर आपल्या महाराष्ट्रातल्या.

पहिली मुंबईची. दिवाळीच्या सुमारास मुंबईतल्या देशी शिपायांनी उठाव करायचा असा बेत शिजत असल्याचा पोलिसांना संशय होता. त्या वेळी मुंबईच्या पोलिसांची सूत्रे चार्ल्स फॉर्जेट या अधिकाऱ्याच्या हाती होती. हा माणूस हिंदुस्थानातच वाढलेला, इथल्या भाषा घरच्यासारख्या बोलणारा, वेष पालटून गल्लीबोळांतून हिंडणारा. सोनापुरात गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपाई जमत. फॉर्जेटने त्या घराच्या भिंतीला भोके पाडली आणि पलीकडून त्यांचे बोलणे ऐकले. पलटणीच्या साहेबालाही सोबत नेऊन ऐकवले. मग धरपकड झाली, कोर्ट मार्शल बसले आणि १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया या दोघांना एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्यांच्या पलटणी समोर उभ्या करण्यात आल्या होत्या आणि त्यांच्यावरही गोऱ्यांच्या तोफा-बंदुका रोखलेल्या होत्या.

ही हकिकत पाहणाऱ्यांत एक शाळकरी मुलगा होता. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले दिनशा वाच्छा तेव्हा तेरा वर्षांचे होते. उतारवयात लिहिलेल्या आपल्या मुंबईच्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. तेराव्या वर्षी पाहिलेले माणसाला म्हातारपणीही विसरता येत नाही. मग रांगेतल्या शिपायांचे काय झाले असेल? त्यांना तर पाहण्याचीच सक्ती होती. त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत. घरी गेल्यावर बायकोला तरी सांगितले असेल का?

प्रकल्पाच्या निमित्ताने मी एके दिवशी मानसरोवर स्टेशनवर हार्बरची गाडी धरून सीएसएमटीला उतरले आणि आझाद मैदानावर गेले. पोरे क्रिकेट खेळत होती. एका बाजूला कोणत्या तरी मागणीसाठी माणसे धरणे धरून बसली होती. आकाशात घारी होत्या. मैदानाला काही आठवत नसते. आठवण माणसांनी ठेवायची असते, हे तिथे उभे राहिल्यावर मला पटले.

दुसरी रांग कोल्हापूरची. ३१ जुलै १८५७च्या रात्री कोल्हापुरातील २७ व्या देशी पलटणीने बंड केले. पुढारी म्हणून रामजी शिरसाट याचे नाव येते. शिपायांनी खजिना लुटला, पण शहराचे दरवाजे त्यांच्यासाठी उघडले नाहीत. काही जण शहराबाहेरच्या पागेत अडकून पडले आणि तिथूनच लढत राहिले. त्यांच्यावर चाल करायला कोण आले? साताऱ्याहून दौडत आलेले सदर्न मराठा हॉर्सचे स्वार! त्यांचा तरुण अधिकारी कर याने पागेचा दरवाजा फोडला. त्याबद्दल त्याला इंग्रजांचा सर्वोच्च पराक्रमाचा पदक, व्हिक्टोरिया क्रॉस, मिळाला. त्याच्याबरोबर घोड्यावरून उतरून दरवाज्याला भिडलेल्या मराठा स्वारांना पदक नव्हते. तो मान देशी शिपायांना मिळतच नसे.

हे वाचून मी पुस्तक मिटले. आत कोकणातले आणि घाटावरचे मराठी बोलणारे शिपाई. बाहेर साताऱ्याकडचे मराठी बोलणारे स्वार. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना शिव्या दिल्या असतील त्याही एकाच भाषेत! आपण या लढ्याला स्वातंत्र्ययुद्ध म्हणतो, आणि ते होतेच. पण शिपायाच्या जागेवरून पाहिले तर ती भाऊबंदकीही होती. पुढच्या वर्षी तेच चित्र झाशीला दिसते. आमच्या रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे पोटापाण्यासाठी उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. 'माझा प्रवास' या त्यांच्या पुस्तकात ती हकिकत आहे. शहराच्या आत वरसईचा हा भिक्षुक आणि बाहेर ह्यू रोजच्या सैन्यात मुंबई इलाख्याच्या २४ व्या आणि २५ व्या पलटणीचे शिपाई. त्या फौजेत कोकणातले लोक पुष्कळ असत. आत आणि बाहेर, दोन्हीकडे आपलीच माणसे.

कोल्हापुरात पुढे काय झाले? ले ग्रँड जेकब हा अधिकारी आला. त्याने पलटणीची शस्त्रे काढून घेतली आणि लष्करी न्यायालय बसवले. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेचे तोंड. डिसेंबरात शहरात पुन्हा उठाव झाला तेव्हा तर जागच्या जागी न्याय झाला आणि जागच्या जागी अंमल. अशा न्यायालयाला 'ड्रमहेड' म्हणतात. पूर्वी रणांगणात नगारा उलटा-सुलटा ठेवून त्याचेच टेबल करीत, म्हणून हे नाव. नगाऱ्यावर लिहिलेल्या न्यायात आरोपीचे म्हणणे ऐकायला कितीसा वेळ असणार? छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना सिंधमध्ये कराचीला नेऊन ठेवले आणि ते तिथेच वारले. चिमासाहेबांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण ते राजघराण्यातले. पागेत पकडलेल्यांची नावे मला मिळाली नाहीत.

जे मरणातून वाचले, त्यांच्या वाट्याला समुद्र आला. अंदमान म्हटले की आपल्या मराठी मनात सावरकर आणि सेल्युलर जेल येतात. पण ती इमारत १८९६ ते १९०६ या काळात बांधली गेली. तिच्याही चाळीस वर्षे आधी, १० मार्च १८५८ रोजी, डॉ. वॉकर याच्या ताब्यातील पहिले २०० कैदी 'सेमिरामिस' या जहाजातून तिथे उतरले. तेव्हा तुरुंगच नव्हता! जंगल तोडायचे आणि स्वतःसाठी कैदखाना उभारायचा, हीच त्यांची सजा. भिंतींचे काम समुद्र करीत होता. तरीही माणसे पळाली. या बाजूने गेले तर ब्रह्मदेश लागेल, या आशेने पळाली. त्यांतील जे पुन्हा हाती लागले त्यांच्यापैकी ८६ जणांना पहिल्या काही महिन्यांतच फाशी देण्यात आले. वरिष्ठ सरकारलाही ते फार झाले असे वाटले.

तोफेवर जाणाऱ्याला निदान रांगेने पाहिले. अंदमानात गेलेल्याला पाहायला रांगही नव्हती. गावाकडे त्याची बायको कुंकू लावीत राहिली असेल की पुसून बसली असेल? त्याच्या आईने दारात किती वर्षे वाट पाहिली असेल? आणि गावातले लोक? 'याचा पोरगा सरकारविरुद्ध गेला,' म्हणून त्या घराशी बोलायचेही त्यांनी टाळले असेल. मला वाटते, सजेचा शेवटचा भाग हाच. त्याला शिपाई लागत नाहीत आणि बेड्याही लागत नाहीत. तो गावच पुरा करतो.

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला एक यादवी युद्ध पेटले होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिण एकमेकांशी लढले. दक्षिणेने अँडरसनव्हिल येथे कैद्यांसाठी एक उघडी छावणी केली होती. सुमारे ४५ हजार कैदी तिथे चौदा महिन्यांत येऊन गेले आणि जवळजवळ १३ हजार उपासमारीने व रोगराईने मेले. त्या कैद्यांत डोरन्स अ‍ॅटवॉटर नावाचा एक पोरगा होता, वय एकोणीस, म्हणजे माझ्याएवढा. अक्षर चांगले म्हणून त्याला मृतांची नोंदवही लिहायला बसवले. त्याच्या मनात आले की ही वही पुढे नाहीशी झाली तर या माणसांच्या घरच्यांना कधीच काही कळणार नाही. म्हणून त्याने गुपचूप दुसरी प्रत करायला सुरुवात केली. एक नाव सरकारी वहीत, तेच नाव आपल्या कागदावर. सुटताना ते कागद त्याने कपड्यांत लपवून बाहेर आणले. १८६५ साली क्लारा बार्टन या परिचारिकेबरोबर तो परत तिथे गेला आणि त्या यादीवरून हजारो थडग्यांवर नावे लिहिली गेली.

आणि त्याला बक्षीस काय मिळाले? यादी कोणाची यावरून सरकारशी वाद झाला आणि त्याच्याच सरकारने त्याला कोर्ट मार्शलसमोर उभे केले! आपल्याच हाताने लिहिलेली यादी चोरल्याचा आरोप, आणि अठरा महिन्यांची सजा. पुढे काही काळाने त्याची सुटका झाली आणि १८६६ साली ती यादी छापलीही गेली. आज अँडरसनव्हिलच्या बहुतेक थडग्यांवर नाव आहे, ते या पोरामुळे. कोल्हापूरच्या पागेतल्यांना आणि अंदमानात पळताना सापडलेल्यांना असा कोणी अ‍ॅटवॉटर भेटला नाही. त्यांच्यापैकी ज्यांची नावे उरली, ती त्यांना सजा देणाऱ्यांच्या कागदात उरली. सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया यांना आपण ओळखतो ते त्यांच्यावर खटला झाला म्हणून. न्यायासनासमोर उभे राहावे तेव्हाच साध्या माणसाचे नाव कागदावर चढावे, केवढा हा दैवदुर्विलास!

आता आप्पांविषयी.

आप्पा बाविसाव्या वर्षी फौजेत भरती झाले. गावी पेढे वाटले होते म्हणे. २००४ साली, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी, आजी खूप आजारी पडली. आप्पा सुट्टीवर आले. सुट्टी संपली, पण आजीचे आजारपण संपले नाही. चार महिन्यांनी ते हजर झाले. विनापरवाना गैरहजेरी हा फौजेत गुन्हा आहे. त्यांच्यावर समरी कोर्ट मार्शल झाले आणि तीन महिन्यांची सजा भोगून, बडतर्फ होऊन ते घरी आले. आजी वाचली. आज ती ऐंशीच्या घरात आहे.

समरी कोर्ट मार्शल म्हणजे काय, तेही मी वाचून काढले. १९५०च्या आर्मी अ‍ॅक्टप्रमाणे यात पलटणीचा कमांडिंग अधिकारी एकटाच न्यायालय असतो. आणखी दोघे हजर असतात, पण त्यांना मत नसते. फौजेला शिस्त हवी आणि युद्धात वकिलांची वाट पाहता येत नाही, हे कोणीही मान्य करील. तरीही १९८७ साली रणजित ठाकूर या शिपायाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा न्यायालयाने दिलेली एक वर्षाची सजा आणि बडतर्फी रद्द केली. आरोपीविषयी ज्याचे मन आधीच कलुषित आहे त्याने न्याय करायला बसू नये आणि सजा अपराधाच्या मानाने असावी, असे न्यायालयाने म्हटले. २००९ पासून तर शिपायाला दाद मागण्यासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणही आहे. १८५७ पासून आपण इतके तरी पुढे आलो, ही समाधानाची गोष्ट आहे.

आप्पांची मात्र कोणाविषयी तक्रार नाही. त्यांचे आणि मीरतेच्या स्वारांचे प्रकरण एक नाही, हे मलाही कळते. ते परक्या सत्तेविरुद्ध उभे राहिले. आप्पा आईच्या उशाशी बसून राहिले. मी धीर करून एका रात्री त्यांना विचारले, "आप्पा, तुमच्यावर अन्याय झाला असं वाटतं का तुम्हांला?" ते लोखंड बाजारातल्या एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन आहेत आणि त्या वेळी डबा भरून निघायच्या तयारीत होते. म्हणाले, "अन्याय कसला पोरी? हजर व्हायला पायजे हुतं, न्हाई झालो. कायदा हाय त्यो." मग थोडा वेळ थांबून आपणहून म्हणाले, "सजा वाचून दाखवली तवा सगळी रांगेत हुती. माझ्या शेजारच्या कॉटवरचा गडीबी हुता. एका ताटात जेवायचो आम्ही. त्यानं मान खाली घातली. तेवढंच ध्यानात ऱ्हायलंय बघ."

तेवढेच! तीन महिन्यांच्या सजेतले त्यांना दुसरे काही सलत नाही.

आमच्या गावी चावडीसमोर एक फलक आहे. गावातून फौजेत गेलेल्यांची नावे त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिली आहेत. पहिल्या महायुद्धापासूनची नावे आहेत. आप्पांचे नाव नाही. कोणी खोडले असेही नाही, ते कधी लिहिलेच गेले नाही. ते बडतर्फ होऊन आल्यावर गावात त्यांना कोणी वाईट बोलले नाही, पण कोणी काही विचारलेही नाही. ठरत आलेले लग्न मागे पडले ते कायमचेच. घरातल्यांनीही त्यांचा गणवेशातला फोटो आजीच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली ठेवून दिला. सगळ्यांना वाटले, विषय न काढणे हीच माया. वर्षभराने वडील त्यांना इकडे कळंबोलीला घेऊन आले. इथे कोणालाच काही माहीत नव्हते.

माझ्या वडिलांना, आजीला किंवा गावाला मी दोष देत नाही. रांगेत उभे राहणे सोपे नसते, हे एवढे वाचल्यावर मला समजले आहे. रांगेतल्या माणसाला पोट असते, पोरेबाळे असतात, समोर तोफ असते. गावाच्या रांगेपुढे तोफ नसली तरी 'लोक काय म्हणतील' हे असतेच. मीरतेच्या रांगेसारखी एका रात्रीत मोडण्याची ताकद प्रत्येक रांगेत कोठून येणार? पण मान खाली घालणे आणि नाव विसरणे यांत फरक आहे. अ‍ॅटवॉटरही रांगेतच होता. बंड करण्याइतके बळ त्याच्या अंगात राहिले नव्हते. त्याने फक्त नावे लिहिली. तेवढे तर आपल्यापैकी कोणालाही करता येईल. आपण कला शाखेचे विद्यार्थी. 'बी. ए. करून काय करणार?' हा प्रश्न आपल्याला घरीदारी विचारला जातो, आणि माथाडी कामगाराच्या मुलीला तर जरा जास्तच. माझ्यापुरते त्याचे उत्तर मला या प्रकल्पात सापडले. ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत त्यांची नावे शोधणे आणि लिहिणे, एवढे काम जरी या शिक्षणाने हातून झाले तरी पुष्कळ झाले.

त्यासाठी मी एक निराळी वही केली आहे. पुस्तकांतून जिथे जिथे एखाद्या साध्या शिपायाचे नाव मिळते तिथून ते मी उतरवून घेते. नाव, पलटण, गाव मिळाले तर गाव, आणि पुढे काय झाले ते. अजून दोन पानेसुद्धा भरली नाहीत. मध्यंतरी एकदा आजीने ती वही मला वाचून दाखवायला सांगितली. तिला अक्षरओळख नाही. सगळी नावे तिने ऐकून घेतली आणि विचारले, "ह्यांच्या आया कवाच्या वारल्या असतील न्हाई?" मग उठून तिने पेटी उघडली. फोटो आता भिंतीवर आहे, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी. आप्पा त्याविषयी काही बोलले नाहीत. काढूनही ठेवला नाही.

हा लेख मासिकाला देण्यापूर्वी मी त्यांना वाचून दाखवला. शेवटपर्यंत त्यांनी ऐकला आणि म्हणाले, "समदं ऱ्हाऊ दे. छापायला माझं नाव तेवढं नगं. तुझ्या वहीत लिव." मी ते वहीत लिहिले आहे, पलटणीसह. इथे ते नाही, कारण तसे त्यांनी सांगितले. कोल्हापूरच्या पागेतल्या शिपायांना मात्र तसे कोणी विचारले नव्हते.

(द्वितीय वर्ष, कला)